नाव आधी, औषध मागून



मंडळाच्या या व्याख्यानमालेत कवी येतात, समीक्षक येतात, इतिहासाचे अभ्यासक येतात. यंदा चिटणीसांनी कामरेज चार रस्त्याजवळच्या एका होमिओपॅथिक डॉक्टरला बोलावलं. मी विषय कळवला तेव्हा फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पत्रिकेत 'त्वचेचं आरोग्य' एवढंच छापू का?" मी म्हटलं, छापा. पत्रिकेत जे मावलं नाही ते इथे सांगतो. पुरुषाच्या लिंगावर किंवा अंडकोशावर, बाईच्या योनीच्या बाहेरच्या भागावर, जांघेत, एखादा डाग उठतो, पुटकुळी येते, चट्टा पडतो, आणि तो कशाचा हे कळत नाही. अशा वेळी त्याचं खरं निदान कसं करून घ्यायचं, हा आजचा विषय आहे.

मी त्वचारोगतज्ज्ञ नाही. मी बी.एच.एम.एस. आहे आणि साठी ओलांडलेली आहे. या विषयावर बोलायचा माझा अधिकार दोन गोष्टींमुळे आहे. एकदा मी टेबलाच्या डॉक्टरकडच्या बाजूला बसून चुकलो, आणि एकदा रुग्णाच्या बाजूला बसून. दोन्ही चुका आज तुम्हाला सांगणार आहे. आमच्यात आलोचना नावाची एक रीत आहे. आपल्या हातून झालेला दोष गुरूपुढे काही न लपवता बोलून दाखवायचा. आज गुरूच्या जागी तुम्ही आहात.

साहित्य मंडळात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. माझ्या मते हा रोगाच्या आधी भाषेचा प्रश्न आहे. आपल्यापैकी अनेकांची घरं इथे गायकवाडीपासूनची आहेत. कामरेज त्या वेळी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होतं. कोणाचे पणजोबा वसुलीच्या कामावर आले, कोणाचे शाळेवर. आपण बाजारात गुजराती बोलतो आणि घरात मराठी राखून ठेवली आहे. पण दवाखान्यात माझ्यासमोर बसल्यावर ही राखलेली मराठी अचानक संपते. रुग्ण म्हणतो, "खाली जरा झालंय." बाई म्हणते, "तिकडे." आजोबा म्हणतात, "लघवीच्या जागी." कुणी नुसतीच मान खाली घालतो. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, ही म्हण आपण हसत हसत वापरतो. पण नीट बघा, त्या म्हणीतला माणूस शेवटी दुखणं दाखवतो की नाही, हे म्हण सांगतच नाही.

आणि जो एक शब्द आपल्याकडे भिंतीभिंतींवर रंगवलेला असतो, तो 'गुप्तरोग'. या शब्दानं फार नुकसान केलं आहे. जागा झाकलेली म्हणून रोग गुप्त, आणि रोग गुप्त म्हणून तो वाईट वागण्याचा, अशी साखळी त्या एका शब्दात बांधलेली आहे. प्रत्यक्षात त्या जागेची कातडी ही कातडीच आहे. हाताला जे होतं, पाठीला जे होतं, त्यातलं बरंचसं तिथेही होतं.

या बाबतीत आपल्या भाषेला एक मोठा पूर्वज आहे. रघुनाथ धोंडो कर्वे, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून ती नोकरी त्यांना सोडावी लागली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक. ते त्यांनी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. त्यात शरीराच्या अवयवांना त्यांच्या नावानं हाक मारलेली असे. वाचक आपल्या अडचणी लिहून पाठवत आणि कर्वे उत्तरं छापत. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. मला त्या खटल्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. माणसं आपल्या शरीराविषयी मराठीत प्रश्न विचारत होती आणि त्यांना मराठीत उत्तर मिळत होतं. गुन्हा ठरला तो याचा. आज असा खटला कोणी भरणार नाही. पण तो खटला आपण आपल्या घरात, स्वतःवरच, रोज चालवतो.

आता माझी पहिली चूक. माणसाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चूक बदललेली नाही.

साधारण २५ वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्नाशीचा एक शेतकरी, ऊस लावणारा, शांत माणूस. म्हणाला, "साहेब, पुढे एक चामखीळ आली आहे. थुजा द्या." आमच्या शास्त्रात थुजाचं नाव चामखिळीशी इतकं जोडलेलं आहे की लोक दुकानातून स्वतःच बाटली घेऊन येतात. मी त्याची केस घेतली. तहान किती लागते, झोप कशी, स्वप्नं कसली पडतात, थंडी सोसते की ऊन, सगळं विचारलं. वहीची दोन पानं भरली. एकच गोष्ट विचारली नाही. "दाखवा" म्हटलं नाही. त्याला लाज वाटेल असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे लाज मला वाटत होती. थुजा दिलं, पुढे पॉवर बदलली, दर महिन्याला "फरक आहे का?" म्हणून विचारलं, आणि तो भिडस्तपणे "थोडा आहे" म्हणत राहिला. सात महिन्यांनी तो आला तेव्हा वास येत होता आणि जांघेत गाठ होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं. चामखीळ नव्हतीच. शस्त्रक्रियेत अवयवाचा बराच भाग गेला. माणूस वाचला. पुढे काही वर्षं तो दिवाळीला भेटायला येत असे. एकदा मी धीर करून त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, मी दाखवलं नाही. तुम्ही तरी कसं विचारणार होतात?" त्या वाक्यानं मला सुटका द्यायला हवी होती. ती मिळाली नाही. विचारणं हेच माझं काम होतं.

नंतर वाचताना कळलं की ही चूक फार जुनी आहे. १७७५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशावर होणाऱ्या कर्करोगाचं वर्णन लिहिलं. लहान पोरांना अरुंद धुराड्यांत चढवत. काजळी कातडीच्या घड्यांत साचे. पुढे मोठेपणी तिथे एक व्रण दिसू लागे. पॉट यांनी नोंदवलं आहे की हा व्रण वयात आल्यावर दिसतो, म्हणून रुग्ण आणि डॉक्टर दोघेही तो बाहेरख्यालीपणाचा रोग समजतात, त्यावर पारा देतात, आणि त्यानं तो चिघळतो. म्हणजे त्या गरीब कामगाराला रोग झाला काजळीनं, नाव मिळालं बदफैलीचं, आणि औषध मिळालं त्या खोट्या नावाचं. कामधंद्यामुळे कर्करोग होतो हे जगात पहिल्यांदा नीट दाखवलं गेलं ते या निरीक्षणातून. पॉट यांनी वेगळं काय केलं? त्यांनी व्रण पाहिला, आणि हा माणूस काम काय करतो हे विचारलं.

आपल्याकडेही असा माणूस होऊन गेला. डॉ. वसंत रामजी खानोलकर. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं, आणि तिथल्या विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे होती. १९४५ साली खानोलकर आणि सूर्याबाई यांनी भारतातल्या चालीरीतींशी जोडलेल्या कर्करोगांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक होता कंबरेच्या कातडीचा कर्करोग. धोतराची गाठ वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बसते, घासते. आधी कातडीचा रंग बदलतो, ती जाड होते, आणि क्वचित कुणाला पुढे कर्करोग होतो. 'धोतराचा कर्करोग' या नावानं तो जगाच्या ग्रंथांत गेला. धोतर नेसणाऱ्या किती जणांनी तो काळा पट्टा रोज अंघोळीच्या वेळी पाहिला असेल आणि सोडून दिला असेल! झाकलेल्या कातडीची गोष्ट अशी असते. ती आपल्याशिवाय कोणी पाहत नाही, आणि आपण पाहून न पाहिल्यासारखं करतो.

आता दुसरी चूक, माझ्या स्वतःच्या अंगावरची.

मी ५८ वर्षांचा होतो. एका सकाळी लिंगाच्या टोकावर एक गोल, लालसर जांभळा डाग दिसला. जळजळत होता. आठ-दहा दिवसांत निवला, पण जागेवर काळसर खूण राहिली. महिन्याभरानं पुन्हा तिथेच, तेवढाच. मी डॉक्टर आहे, तरी पहिला विचार काय आला सांगू? 'लोक काय म्हणतील' हा. कुणी पाहिलेलंही नव्हतं, तरी. स्वतःचं औषध स्वतः घेतलं. मग एक दिवस आपल्या गावात नको म्हणून बारडोलीच्या बाजूला जाऊन औषधाच्या दुकानातून एक मलम आणलं, ज्यात बुरशीचं, जंतूंचं आणि स्टेरॉईड असं सगळं एकत्र असतं. लावल्यावर जळजळ कमी झाली. मी समजलो, बुरशीच होती. पुढच्या महिन्यात डाग परत.

मलमाची ट्यूब मी पुस्तकांच्या मागे ठेवत असे. कपाट पुसताना ती पत्नीच्या हाती लागली. तिनं ट्यूब टेबलावर ठेवली आणि काही विचारलं नाही. आमच्या लग्नाला तेव्हा ३० वर्षं झाली होती. त्या ३० वर्षांत तिनं न विचारलेला तो बहुधा पहिला प्रश्न. दोन दिवस घरात फक्त जेवायला वाढल्याचे आवाज होते. तिसऱ्या दिवशी मीच तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही रोज लोकांना तपासून घ्या म्हणून सांगता ना?"

सुरतेतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी पडदा ओढला, दिवा जवळ घेतला, हातमोजे घातले आणि भिंग लावून पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही. मग विचारलं, "काका, औषधं कोणती घेता?" मी म्हटलं, "काही नाही." हे खोटं होतं. गुडघा दुखला की मी महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दुखण्यावरची एक साधी गोळी घेत होतो. होमिओपॅथ माणूस ती गोळी घेतो हे कसं सांगायचं? डागाची लाज एक, गोळीची दुसरी. त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. त्या स्वच्छ आल्या. मग त्या म्हणाल्या, "कारण कळत नाहीये, तर छोटा तुकडा काढून तपासू." तेव्हा मी गोळीचं बोललो. त्यांनी कागद खाली ठेवला आणि हसल्या. "काका, हे आधी सांगितलं असतं तर!"

निदान होतं फिक्स्ड ड्रग इरप्शन. एखाद्या औषधाची ॲलर्जी, जी दर वेळी शरीराच्या ठरावीक जागीच उठते. प्रतिकारशक्तीच्या काही पेशी कातडीच्या त्या तुकड्यात मुक्कामाला राहतात. ते औषध पुन्हा पोटात गेलं की काही तासांत त्या जाग्या होतात आणि तिथेच डाग पेटतो. फ्रान्समधले त्वचारोगतज्ज्ञ ब्रॉक यांनी १८९४ मध्येच याला नाव दिलं होतं. लिंग आणि ओठ या त्याच्या आवडत्या जागा. दुखण्यावरच्या गोळ्या, सल्फाच्या गोळ्या, जुलाबावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या ऑर्निडाझोल-टिनिडाझोलच्या गोळ्या, कधी साधी पॅरासिटामॉलसुद्धा, यांतली कोणतीही त्याला कारण होऊ शकते. उपाय काय? ती गोळी कायमची बंद. मी बंद केली. डाग पुन्हा उठला नाही. काळी खूण हळूहळू पुसट झाली.

मी विचार करतो, माझ्या जागी एखादा पंचविशीतला मुलगा असता, नवं लग्न झालेला, तर? बायकोनं डाग पाहिला असता, सासरी-माहेरी कुजबुज झाली असती, आणि कदाचित संसार मोडला असता. जुलाबाच्या एका गोळीपायी! असे संशय घेऊन आलेली जोडपी मी पाहिली आहेत. म्हणून घरातल्या मोठ्यांना माझी विनंती आहे, निदान होईपर्यंत कुणावर आरोप नको. डाग म्हणजे कबुलीजबाब नव्हे.

मग तो डाग असतो तरी कशाचा? हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. जैन परंपरेत ती अनेकांतासाठी सांगतात. प्रत्येकाच्या हाताला लागलेला तुकडा खरा, पण तो म्हणजे हत्ती नव्हे. डागाचंही तसंच आहे.

काही गोष्टी रोगच नसतात. तरुणांच्या लिंगाच्या टोकाभोवती मोत्यांसारख्या बारीक दाण्यांची रांग असते. कातडीत पिवळसर बारीक ठिपके असतात, त्या नुसत्या तेलग्रंथी. उतारवयात अंडकोशावर जांभळे-काळे ठिपके येतात, ते फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या. एवढ्या गोष्टी ठाऊक नसल्यानं कित्येक जण वर्षानुवर्षं मनात कुढत असतात.

काही गोष्टी घरगुती असतात. आपल्या सुरतेच्या दमट हवेत जांघेतली बुरशी, म्हणजे नायटा, पावसाळ्यात घरोघर असतो. खरूज असेल तर रात्री खाज वाढते, लिंगावर आणि अंडकोशावर गाठी येतात, आणि घरातले बाकीचेही खाजवत असतात. पुढची कातडी लाल होऊन चिरा पडत असतील, पांढरा थर येत असेल, तर आधी साखर तपासा. मधुमेहाची पहिली वर्दी कधी कधी तिथूनच येते. आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या नव्या गोळ्यांनीही तिथे बुरशी वाढू शकते.

काही त्वचारोग अंगभर असतात आणि तिथेही उठतात, जसं सोरायसिस, लायकेन प्लॅनस, कोड. एका आजाराचं नाव मुद्दाम लक्षात ठेवा, लायकेन स्क्लेरोसस. पाळी गेलेल्या बायकांत हा बराच दिसतो. योनीच्या बाहेरची कातडी पांढरी, पातळ, चुरगळल्यासारखी होते, रात्री असह्य खाज येते. माझ्याकडे आलेल्या एका आजींनी हे दहा वर्षं 'उष्णता' म्हणून सोसलं होतं. कोड समजून सुनेपासून लपवलं होतं. त्यांना मी औषध दिलं नाही, तज्ज्ञाकडे पाठवलं. योग्य मलमानं दोन महिन्यांत त्या रात्रभर झोपू लागल्या. हा आजार संसर्गाचा नाही, कुणाच्या चारित्र्याचा नाही. पण त्यात पुढे कर्करोगाचा थोडा धोका असतो, म्हणून नियमित दाखवत राहावं लागतं.

आणि हो, संभोगातून लागणारे आजारही असतातच. न दुखणारा एकच टणक व्रण असेल तर सिफिलिस असू शकतो, आणि तो पेनिसिलिननं बरा होतो. दुखणारे, पाण्यानं भरलेले फोडांचे झुबके हर्पिसचे. फुलकोबीसारखे वाढणारे मस्से विषाणूचे. आणि शेवटी कर्करोग व त्याच्या आधीच्या अवस्था. तंबाखू, विषाणू, आणि मागे न सरकणारी कातडी यांनी त्याचा धोका वाढतो.

एवढी यादी मी तुम्हाला घाबरवायला सांगितली नाही, आणि आरशात बघून स्वतःच निदान करायला तर मुळीच नाही. एवढंच सांगायचं आहे की फक्त वर्णन ऐकून हा डाग कशाचा हे मी सांगू शकत नाही, आणि दुसरं कोणीही सांगू शकत नाही. जो न पाहता सांगतो, त्याच्याकडून औषध घेऊ नका. तो मी असलो तरी.

खरं निदान कसं होतं ते आता सांगतो, म्हणजे आत गेल्यावर भीती वाटणार नाही. आधी प्रश्न असतात. कधीपासून, एकदा जाऊन परत येतो का, त्याच जागी येतो का, खाज की दुखणं की काहीच नाही, कोणत्या गोळ्या, मधुमेह आहे का, घरात आणखी कुणाला आहे का, शरीरसंबंधांविषयीही. त्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. माझ्यासारखं "काही नाही" म्हणू नका. मग उजेडात तपासणी, जांघेतल्या गाठी, तोंड आणि नखंसुद्धा. बुरशीचा संशय असेल तर कातडीची थोडी खरवड काचेवर घेऊन पोटॅशच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सिफिलिस आणि एच.आय.व्ही.साठी रक्त. सिफिलिसची तपासणी अगदी सुरुवातीच्या दिवसांत स्वच्छ येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करायला सांगितली तर टाळू नका. आणि यानं काही ठरलं नाही, किंवा कर्करोगाची शंका असेल, तर बायोप्सी. जागा बधिर करून पेन्सिलीच्या टोकाएवढा तुकडा काढतात, लागला तर एखादा टाका. बायोप्सीनं रोग पसरतो ही समजूत खोटी आहे. बायोप्सी टाळल्यानं मात्र वेळ जातो.

जाण्याआधी एक पथ्य पाळा. जागेवर काहीही लावू नका. स्टेरॉईडचं मिश्र मलम लावलं की नायट्याचा चेहराच बदलतो, तज्ज्ञही फसतात. हळद, चुना, डेटॉल, लिंबू, यांनी नाजूक कातडी भाजते, आणि मग मूळ डाग कोणता आणि भाजलेलं कोणतं हे कळेनासं होतं. जे आधीच लावून झालं असेल त्याची ट्यूब सोबत न्या. आधीच्या गोळ्यांची पाकिटं न्या. डाग येऊन-जाऊन असेल तर तो असताना जा.

वाट किती बघायची? दोन-तीन आठवड्यांत जे निवत नाही ते दाखवायचंच. रक्त येत असेल, टणक होत असेल, वाढत असेल, जांघेत गाठ आली असेल, आधी मागे सरकणारी कातडी सरकेनाशी झाली असेल, तर आठवडाही थांबू नका. गरोदर बाईला व्रण दिसला तर त्याच दिवशी.

कुठे जायचं? त्वचारोगतज्ज्ञाकडे. खाजगी परवडत नसेल, तर सुरतेत मजुरा गेटजवळच्या न्यू सिव्हिल रुग्णालयात आणि महानगरपालिकेच्या स्मीमेरमध्ये त्वचारोग विभाग आहेत. सरकारी रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतात, तिथे तपासणी, सल्ला आणि औषध मोफत मिळतं. बायकांनी स्त्री डॉक्टर मागावी, सोबत कुणाला घ्यावं, तो तुमचा हक्क आहे. आणि तोंड उघडवत नसेल, तर हे एक वाक्य घरी चार वेळा म्हणून जा: "डॉक्टर, माझ्या जननेंद्रियावर एक डाग आहे, तो कशाचा आहे हे मला कळून घ्यायचं आहे." एवढंच. 'खाली', 'तिकडे' नाही. बाहेर पडताना दुसरं वाक्य: "याचं नाव काय, ते कागदावर लिहून द्या." ज्याला नाव सांगता येत नाही त्याला पुढची तपासणी कोणती ते विचारा.

माझ्याच पेशाविषयी एक शेवटचं. काही जण मला विचारतील, मग होमिओपॅथीचं काय? मी आजही दवाखाना चालवतो. त्या शेतकऱ्यानंतर मी एक नियम केला आणि तो आजवर मोडला नाही. झाकलेल्या जागेवरचा डाग पाहिल्याशिवाय, आणि त्याचं नाव तज्ज्ञाकडून कळल्याशिवाय, एक पुडीही देत नाही. काही रुग्ण चिडून दुसरीकडे जातात. जाऊ देत. माझ्याकडे पुन्हा येताना हातात अहवाल घेऊन येतात तेव्हा मला बरं वाटतं.

आता तुमची पाळी. दाराशी एक खोका ठेवला आहे आणि कोऱ्या चिठ्ठ्या. ज्याला जे विचारायचं ते लिहा. नाव लिहू नका, अक्षर ओळखू येईल अशी भीती असेल तर डाव्या हातानं लिहा. कर्व्यांना वाचक लिहीत, तसं. मी इथे निदान करणार नाही, ते मघाशीच सांगितलं. पण कुठे जायचं आणि काय विचारायचं, ते प्रत्येक चिठ्ठीला सांगेन. आणि जावई डॉक्टर असेल तर त्यालाही विचारा. तो लाजेल. पण तो लाजला तरी चालेल, तुम्ही लाजू नका.